गिटारला शब्द होते

श्रोतेहो, नमस्कार.

रेडिओवर पूर्वी दोन कार्यक्रमांच्या मध्ये चार-पाच मिनिटं उरली, की निवेदक एखादी तबकडी लावून देत. गाणं ओळखीचं असायचं, हिंदी चित्रपटातलं. पण गाणारं कुणी नसायचं. तारेवरून एक स्वर घसरत यायचा, दुसऱ्या स्वरापाशी जरा घुटमळायचा, आणि ऐकणाऱ्याच्या ओठांवर शब्द आपोआप यायचे. मग सांगितलं जायचं, ‘हवाईयन गिटारवर धून ऐकलीत.’ व्हॅन शिपली, हजारा सिंग, सुनील गांगुली ही नावं मला अशीच पाठ झाली. आमच्याकडे रेडिओ स्वयंपाकघरातल्या फळीवर असे. पोळ्या लाटता लाटता आई त्या गिटारचे शब्द गुणगुणायची.

प्रशांत महासागराच्या मधोमध हवाई नावाची बेटं आहेत, हे नंतर शाळेत कळलं. आणि त्याहून बऱ्याच उशिरा एक गोष्ट कळली, जी आज तुम्हांला सांगायची आहे. आपण आयुष्यभर जी गिटार बिनशब्दांची ऐकली, तिला तिचे स्वतःचे शब्द होते. आपल्यापर्यंत तिचा हात आला, तोंड आलं नाही. अलीकडे हवाईतून जी नवी गाणी येताहेत, त्यांत ते तोंड बोलू लागलं आहे.

ही गिटार निघाली कुठून ते आधी पाहू. ओआहू बेटावर समुद्राकाठी लाइए नावाचं गाव आहे. तिथं १८७४ साली जोसेफ केकुकू जन्मला. शाळकरी वयात त्यानं गिटारच्या तारांवर पोलादाचा तुकडा सरकवून पाहिला. पडद्यावर बोट दाबून वाजवलं, तर दोन पडद्यांमधली जागा मुकीच राहते. पोलाद सरकवलं की ती जागा बोलते. त्यासाठी त्यानं तारा पडद्यांपासून उंच केल्या आणि गिटार मांडीवर आडवी घेतली. आपल्याकडे जिला मींड म्हणतात ती त्या वाद्यात आली. आपल्या कानांना ते वाद्य कधी परकं वाटलं नाही, याचं कारण मला तरी हेच दिसतं. १९०४ मध्ये केकुकू बेट सोडून अमेरिकेला गेला. १९१५ च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या मोठ्या प्रदर्शनात हवाईच्या वादकांना लोकांनी डोक्यावर घेतलं आणि तबकड्यांची लाटच आली.

त्याच लाइए गावात वाढलेला दुसरा मुलगा म्हणजे ताऊ मोए. मूळचा सामोआचा. १९२० च्या दशकात तो नाटक-संगीताच्या फिरत्या मंडळीबरोबर बाहेर पडला आणि पत्नी रोझला घेऊन पन्नासहून जास्त वर्षं जगभर वाजवत राहिला. १९४० च्या दशकात या कुटुंबाचा मुक्काम कोलकात्यात होता. तिथल्या गार्नी निस यांच्यासारख्या वादकांनी त्यांच्याकडून हे वाद्य घेतलं, आकाशवाणीवरून वाजवलं, आणि बंगालमध्ये घराघरांत हवाईयन गिटारच्या शिकवण्या सुरू झाल्या. मुंबईच्या चित्रपटसंगीतातही तिनं जागा धरली. ब्रिजभूषण काब्रांनी तिच्यावर राग मांडले. १९६७ च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’मध्ये शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसियांच्या बरोबरीनं वाजते ती त्यांचीच गिटार. काब्रांचे शिष्य देबाशिष भट्टाचार्य यांनी २०१७ साली ताऊ मोए यांच्या स्मरणार्थ एक अख्खी ध्वनिमुद्रिका केली, तिचं नावच ‘हवाई टू कलकत्ता’. लाइएच्या वाळूवरून निघालेली मींड कोलकात्यातून परत लाइएला पोचवली त्यांनी.

पण या सगळ्या प्रवासात हवाईची भाषा कुठंच नव्हती. असं का झालं?

हवाई हे एके काळी स्वतंत्र राज्य होतं. त्याचे राजे कालाकाउआ १८८१ मध्ये जगप्रवासाला निघाले, तेव्हा कोलकाता आणि मुंबई पाहून गेले होते. मिशनऱ्यांच्या प्रभावाखाली हूला नृत्यावर बंदी आली होती. ते नृत्य याच राजानं पुन्हा दरबारात आणलं. त्यांची बहीण लिलिउओकालानी गादीवर आली. ती स्वतः वाग्गेयकार होती. सगळ्या जगाला ठाऊक असलेलं ‘अलोहा ओए’ तिचंच. १८९३ साली अमेरिकी व्यापारी आणि बागायतदारांनी तिचं राज्य उलथवलं. १८९५ मध्ये तिला तिच्याच राजवाड्यातल्या एका खोलीत कैदेत ठेवलं, आणि तिथंही ती गाणी लिहीत राहिली. १८९६ च्या कायद्यानं शाळांचं माध्यम इंग्रजी झालं. शाळेत हवाईयन बोललं की मुलांना शिक्षा होई. ज्यांनी तो मार खाल्ला, त्यांनी आपल्या मुलांशी ती भाषा बोलणं सोडलं. दोन पिढ्यांत घरं मुकी झाली.

रेडिओवरून बोलते आहे, म्हणून ‘हवाई कॉल्स’ची आठवण काढायलाच हवी. १९३५ पासून १९७५ पर्यंत चाळीस वर्षं हा कार्यक्रम होनोलुलूच्या वायकीकी किनाऱ्यावरून जगभर ऐकू येत होता. मोआना हॉटेलच्या अंगणातल्या वडाखाली वादक बसत, वेब्ली एडवर्ड्स निवेदन करत, आणि माइकवरून लाटांचा आवाज श्रोत्यांपर्यंत पोचत असे. ध्वनीनं एखादी जागा डोळ्यांपुढे उभी कशी करावी, याचा तो धडाच होता. मात्र त्यातली बरीचशी गाणी ‘हापा हाओले’ प्रकारातली असत, म्हणजे अर्धी परकी: चाल हवाईची आणि बोल इंग्रजी. लाट जगानं ऐकली, गिटार ऐकली. भाषा पाहुण्यांसाठी बाजूला ठेवलेली.

भाषा जिवंत राहिली ती दुसरीकडे, आणि तिथं साथीला वेगळ्या प्रकारची गिटार होती. तिचा उगम गुराख्यांपाशी. ब्रिटिश दर्यावर्दी कॅप्टन व्हँकूवरनं १७९३ मध्ये पहिल्या कामेहामेहा राजाला गाई-बैल भेट दिले. राजानं त्यांना मारायला मनाई केली, मग गुरं इतकी माजली की शेतं तुडवू लागली. त्यांना आवरायला १८३० च्या दशकात मेक्सिकोकडचे घोडेस्वार गुराखी आणले गेले. त्यांच्या खोगिराबरोबर गिटारही आली. हवाईच्या माणसांनी ती हातात घेतली आणि तिच्या खुंट्या सैल करून आपल्या कानाला गोड लागेल तशी जुळवली. ‘की होआलू’, म्हणजे खुंटी सैल करणं. इंग्रजीत त्याला ‘स्लॅक की’ म्हणतात. यात सर्वांत लाडकी जुळणी आहे तिचं नाव ‘टॅरो पॅच’. टॅरो म्हणजे आपलं अळू. त्याचे कांद उकडून, कुटून केलेलं ‘पोई’ हे तिथलं रोजचं अन्न. तेव्हा या जुळणीचं नाव झालं अळूचं खाचर! सहा तारा खर्जापासून छेडल्या तर स्वर येतात: प, सा, प, सा, ग, प. घरी कुणाची गिटार असेल तर जाडी तार, तिच्या शेजारची आणि सर्वांत बारीक तार, या तिन्ही एकेक स्वर उतरवून पाहा. एकही बोट न ठेवता तंबोऱ्यासारखी गोड भरून वाजते. अंगठा खर्ज धरून राहतो आणि उरलेली बोटं वर खेळतात.

अशा जुळण्या घराघरांत लपवून ठेवलेल्या असत. घराण्याची खास चीज जशी बाहेरच्याला मिळत नसे, तसंच. गॅबी पाहिनुई या कलावंतानं १९४० च्या दशकात ‘हिइलावे’ हे गाणं या गिटारवर गाऊन तबकडीवर उतरवलं आणि ती वाट खुली झाली. गॅबी दिवसा रस्त्याच्या कामावर असत. शनिवार-रविवार वायमानालोतल्या त्यांच्या अंगणात जो येईल तो वाजवायला बसे. अशा बैठकीला ‘कानिकापिला’ म्हणतात. आणि ‘हिइलावे’ हे गाणं वरवर एका धबधब्याचं आहे, दरीतल्या पाखरांचं आहे. पण ती पाखरं म्हणजे एका प्रेमप्रकरणाची चर्चा करणारी गावची माणसं. आपल्या भारुडात जसं वर एक सांगतात आणि आत दुसरं असतं, तसं. या आतल्या अर्थाला त्यांच्याकडे ‘काओना’ असा शब्दच आहे. आता सांगा, शब्द काढून घेतले तर या गाण्यात उरेल काय? धबधबासुद्धा उरायचा नाही.

१९७० च्या दशकात मोलोकाई बेटावरचा जॉर्ज हेल्म नावाचा तरुण गायक उंच, फिरत्या आवाजात जुनी गाणी गात होता. अमेरिकी नौदल काहोओलावे बेटावर बॉम्बफेकीचा सराव करत होतं, त्याविरुद्धच्या लढ्यात तो पुढे होता. मार्च १९७७ मध्ये त्या बेटाजवळच्या समुद्रात तो नाहीसा झाला. सव्वीस वर्षांचा होता. बॉम्बफेक थांबली १९९० मध्ये. मधल्या काळात, १९७८ साली, हवाईयन ही इंग्रजीबरोबर राज्याची अधिकृत भाषा झाली आणि १९८४ मध्ये हवाईयन माध्यमाची पहिली बालवाडी उघडली.

त्या शाळांतून मोठी झालेली मुलं आता गातात. मला नव्या ध्वनिमुद्रिकांचं महत्त्व वाटतं ते यासाठी.

कालानी पेआ हा हिलोचा गायक हवाईयन माध्यमाच्या शाळेत शिकला. लहानपणी त्याच्या बोलण्यात अडखळ होती, आणि गाण्यानं ती सुटली असं तो सांगतो. २००५ मध्ये ग्रॅमीत हवाईयन संगीताचा वेगळा पुरस्कार सुरू झाला होता, तेव्हा पहिल्याच वर्षी तो पुरस्कार गेला स्लॅक की गिटारच्या बिनशब्द वादनाच्या संग्रहाला. आपल्या भाषेत गाणाऱ्या बेटावरच्या लोकांना ते लागलं, आणि लागायलाच हवं होतं. पुढे तो पुरस्कारच बंद पडला. मग २०१७ मध्ये प्रादेशिक लोकसंगीताच्या मोठ्या गटातून पेआच्या ‘ए वालेआ’ला ग्रॅमी मिळालं. त्यानंतरही तो जिंकत गेला, आणि २०२५ मध्ये ‘कुइनी’ला मिळालं. कुइनी म्हणजे राणी. आवाज भरदार, थोडा चर्चमधल्या समूहगानाच्या वळणाचा. शब्द समजत नाहीत, तरी प्रत्येक अक्षर स्वरावर संपतं, त्यामुळे मराठी कानाला ही भाषा फार लवकर लळा लावते.

राइआतेआ हेल्म ही त्या जॉर्ज हेल्मची पुतणी. काकांसारखीच उंच पट्टीत गाते. छातीतला आवाज डोक्यात जाताना मध्ये जो तुटका काठ लागतो, तो ती लपवत नाही, त्याचाच दागिना करते. तिची ‘अ लेगसी ऑफ हवाईयन साँग अँड स्ट्रिंग’ ही ध्वनिमुद्रिका मला या सगळ्यांत जास्त आवडली. राणीच्या काळातल्या तंतुवाद्यांच्या मेळाकडे ती परत जाते, केकुकूच्या पिढीकडे. गिटार तीच, आपल्या फळीवरच्या रेडिओतली. फक्त आता तिच्या सुरांवर शब्द चालले आहेत.

उकुलेले म्हणजे चार तारांची छोटी गिटार. उकुलेलेवाला जेक शिमाबुकुरो गात नाही, पण ‘फ्लीटवूड मॅक’ या रॉक बँडचा ड्रमवादक मिक फ्लीटवूड याच्याबरोबरची त्याची २०२४ ची ‘ब्लूज एक्सपिरियन्स’ सांगायला हवी. फ्लीटवूडचं माउई बेटावरच्या लाहाइनात हॉटेल होतं. ८ ऑगस्ट २०२३ च्या वणव्यात ते गाव जळालं, शंभराच्या आसपास माणसं गेली. लाहाइना ही जुनी राजधानी. तिथल्या छोट्या जागांमध्ये संध्याकाळी वाजवणाऱ्या कितीतरी कलावंतांचं घर आणि पोट दोन्ही एका दिवसात गेलं.

आता मैफलींचं. माउई बेटावर नापिलीला जॉर्ज काहुमोकू यांची बुधवारची स्लॅक की मैफल वर्षानुवर्षं चालत आली आहे. शेतकरी माणूस, अळू पिकवणारा. गाण्यांच्या मध्ये गोष्टी सांगतो. तिथल्या प्रत्यक्ष ध्वनिमुद्रणांनाही ग्रॅमी मिळाली आहेत. १ मे, आपला महाराष्ट्र दिन, तिकडे फुलमाळांचा ‘लेइ डे’ असतो. काझिमेरो बंधूंनी त्या संध्याकाळी वायकीकीला तीस वर्षं मैफल केली. ‘ना होकू हानोहानो’ हे तिथल्या ध्वनिमुद्रिकांचे मानाचे पुरस्कार. १९७८ साली ते एका रेडिओ केंद्रानं सुरू केले, हे सांगताना मला विशेष आनंद होतो.

पण तिकडे जाणं आपल्यापैकी किती जणांना जमणार? म्हणून घरबसल्या बघण्याजोगं एक सांगते. ईस्टरच्या रविवारपासून सुरू होणाऱ्या आठवड्यात हिलोला ‘मेरी मोनार्क’ महोत्सव असतो, कालाकाउआ राजाच्या टोपणनावानं. गुरुवारी एकेकटी तरुणी नाचते, शुक्रवारी प्राचीन हूला, शनिवारी नवा. प्राचीन हूलाला गिटार नसते. कुमू, म्हणजे गुरू, दोन भोपळे जोडून केलेलं ‘इपू’ जमिनीवर आपटत, थापटत स्वतः मंत्र म्हणतात. शनिवारी मात्र गिटार, उकुलेले, बास घेऊन उत्तमोत्तम गायक साथीला उभे राहतात. हा सोहळा इंटरनेटवर थेट दिसतो. हिलोत संध्याकाळचे सहा वाजतात तेव्हा आपल्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळचे साडेनऊ झालेले असतात. म्हणजे आपल्या हिशोबानं शुक्रवार, शनिवार आणि रविवार. रविवारी सकाळी साडेनऊला पोळ्यांचा तवा जरा उशिरा चढवा.

नमस्कार.