वरचं बीपी, खालचं बीपी

(दंडावर पट्टा. सिस्टर पंप दाबतात. पारा चढतो.)

पारा चढला, थांबला, आता सावकाश उतरतोय. पहिला ठोका कानावर पडला, तो वरचा आकडा. ठोके पार विरले, तो खालचा. निकोलाय कोरोत्कोव यांनी 1905 साली सांगितलेली ही रीत आजही तशीच आहे.

(टेबलावर पसरलेले कागद. निरनिराळी अक्षरं.)

वरचा आकडा लिहिताना मात्र ज्याची त्याची रीत. इथं नुसतं 'बीपी'. इथं 'सिस्टोलिक'. या कागदावर 'एसबीपी'. दवाखान्यात यानं काही अडत नाही. औषधाच्या चाचणीत मात्र अनेक केंद्रांचे, म्हणजे चाचणी चालते त्या दवाखान्यांचे, आकडे एका तक्त्यात येतात, आणि संगणकाला ही तीन वेगळी मोजमापं वाटतात.

(स्क्रीनवर तक्ता.)

1997 साली काही स्वयंसेवकांनी सुरू केलेली सीडिस्क ही संस्था अशा नावांचे नियम ठरवते. त्या नियमांतल्या शब्दांची यादी अमेरिकेची राष्ट्रीय कर्करोग संस्था सांभाळते; दर तीन महिन्यांनी ती सुधारून निघते. त्या यादीत वरचं बीपी म्हणजे 'एसवायएसबीपी', संकेतांक सी25298. नाव आठ अक्षरांच्या आत का? सॅस या आकडेवारीच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या फाइलला त्याहून लांब नाव झेपत नाही म्हणून! आजच्या संशोधनाला कालच्या फाइलचं माप.

'पल्स' आणि 'हार्ट रेट' यांना मुद्दाम दोन नावं आहेत. हा कीस काढणं नव्हे. हृदयाची लय बिघडली की काही ठोके मनगटापर्यंत पोचतच नाहीत. नाडी 80 लागते, तेव्हा हृदय 100 वेळा धडधडत असू शकतं.

(कर्सर एकेका रकान्यावरून सरकतो.)

हा रकाना पाहा: तापमान 98.6 फॅरनहाइट, केंद्रानं लिहिला तसाच. शेजारी 37 सेल्सिअस. मूळ नोंद खोडायची नाही, तिच्या बाजूला प्रमाण नोंद बसवायची. पुण्या-मुंबईच्या ऑफिसांत कितीतरी मंडळी दिवसभर हेच करतात. घरच्यांना विचाराल तर 'कॉम्प्युटरवर काहीतरी' एवढंच सांगतील.

हा रकाना रिकामा आहे. बीपी बसवून घेतलं, उभं करून, की झोपवून? केंद्राला क्वेरी, म्हणजे लेखी विचारणा, गेली. उत्तर आलं, 'नोंद नाही.' यादीत तिन्ही शब्द तयार आहेत, पण यातला कुठला ते आता कोण सांगणार?

(फायलींचे गठ्ठे.)

17 डिसेंबर 2016 नंतर सुरू झालेल्या चाचण्यांचा डेटा नव्या औषधाच्या अर्जासोबत अमेरिकेच्या एफडीएला, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेला, सीडिस्कच्या याच साच्यात लागतो. नसेल, तर अर्ज दाखल करून घ्यायलाच नकार मिळू शकतो. 2020 पासून जपाननंही असा डेटा सक्तीचा केला.

(पुन्हा सिस्टर. पुन्हा पट्टा.)

"काका, पाय जमिनीला टेकवा. आता बोलू नका."

ठोके विरतात. सिस्टर आधी आकडे लिहितात. मग 'बसून' पुढच्या चौकोनात खूण. डावा दंड. वेळ 10:20.

आणि पट्टा सुटतो. चर्रर्र.