डिस्क बसते, पण जुळते का?

मंडळी, समोर नौपाड्यातले सीए बसलेत, वागळे इस्टेटमधल्या वर्कशॉपचे मालक आहेत, लग्नाचे फोटोग्राफर आहेत, आणि घरी फोटो-व्हिडिओंचा ढीग साठलेले तर बरेच जण दिसताहेत. चार खणांचा नॅस, म्हणजे नेटवर्कवर सगळ्यांना वापरता येणारा डिस्कचा डबा, घेतलाय, आता त्यात कुठली हार्ड डिस्क टाकू, हा तुमचा सगळ्यांचा प्रश्न. कनेक्टर बसला, स्क्रीनवर डिस्क दिसली, की काम झालं असं वाटतं. पण डिस्क खरंच जुळली की नाही हे कळतं दोन-तीन वर्षांनी, चारातली एक जाते त्या दिवशी. उरलेल्या तीन आणि नवी आणलेली चौथी तेव्हा कशा वागतात, त्यावर तुमचा डेटा राहणार की जाणार हे ठरतं. खरेदी करायची ती त्या दिवसाकडे बघून.

त्या दिवशी होतं काय? रेड ५ म्हणजे डेटा सगळ्या डिस्कवर असा वाटून ठेवायचा, की एक गेली तरी तो बाकीच्यांवरून परत बनवता येतो. ते असेल तर नॅस उरलेल्या तिन्ही डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचतो आणि हरवलेला भाग नव्या डिस्कवर परत तयार करतो. याला रिबिल्ड म्हणतात. ८ टीबीची डिस्क आणि सेकंदाला सरासरी १५० एमबी वेग धरा, जवळपास पंधरा तास होतात. तेही ऑफिसमध्ये कोणी त्यावर काम करत नसेल तर. एवढ्या वेळात आणखी एक डिस्क गेली की सगळंच गेलं.

आता डिस्कच्या आत शिरू, कारण खरी मेख तिथे आहे. डेटा थाळीवर वर्तुळाकार पट्ट्यांत लिहिला जातो. सीएमआर पद्धतीत प्रत्येक पट्टा शेजारच्यापासून सुटा असतो. एसएमआरमध्ये पट्टे मंगळुरी कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले असतात. त्यामुळे तेवढ्याच थाळीवर जास्त मावतं आणि डिस्क स्वस्त पडते. पण मधलं कौल बदलायचं तर त्याच्यावरची उचलावी लागतात. तसं इथे मधलं काही बदलायचं झालं की पट्ट्यांचा अख्खा गट पुन्हा लिहावा लागतो. रोजच्या वापरात हे जाणवत नाही, कारण डिस्क आलेला डेटा आधी एका राखीव कोपऱ्यात ठेवते आणि निवांत वेळी जागेवर लावते. रिबिल्डमध्ये निवांत वेळ मिळतच नाही. कोपरा भरतो, वेग कोसळतो, तासांचं काम दिवसांवर जातं, आणि कधीकधी नॅस त्या नव्याकोऱ्या डिस्कलाच नादुरुस्त ठरवून बाहेर काढतो.

२०२० च्या एप्रिलमध्ये उघड झालं की वेस्टर्न डिजिटलच्या ‘रेड’ नावाच्या मालिकेतल्या (आपल्या रेड ५ शी या नावाचा संबंध नाही), म्हणजे नॅससाठी म्हणूनच विकल्या जाणाऱ्या, २ ते ६ टीबीच्या काही डिस्क एसएमआर होत्या आणि ग्राहकाला तसं सांगितलेलं नव्हतं. मला आजही याचा राग येतो. ४ टीबीचं उदाहरण घ्या. जुन्या मॉडेलच्या शेवटी ईएफआरएक्स, ते सीएमआर. नव्याच्या शेवटी ईएफएएक्स, ते एसएमआर. एका अक्षराचा फरक. शिवाय नव्यावर कॅशे, म्हणजे डिस्कची तात्पुरती मेमरी, ६४ ऐवजी २५६ एमबी, म्हणजे घेणाऱ्याला तीच डिस्क वरचढ वाटणार. आणि ८ टीबीच्या डिस्कची शेवटची अक्षरं तीच ईएफएएक्स असून ती मात्र सीएमआर! तेव्हा लेबलचा रंग किंवा दुकानदाराचं ‘हीच चालते’ यावर जाऊ नका. पूर्ण मॉडेल नंबर उतरवून घ्या आणि कंपनीच्या यादीत शोधा. त्या गदारोळानंतर वेस्टर्न डिजिटल, सीगेट, तोशिबा तिघांनीही कुठलं मॉडेल कुठल्या पद्धतीचं ते जाहीर केलं. आज नॅससाठी वेस्टर्न डिजिटलची रेड प्लस, सीगेटची आयर्नवुल्फ किंवा तोशिबाची एन३०० घेतलीत तर सीएमआर मिळते. सीगेटची ४ किंवा ८ टीबीची बाराकुडा स्वस्त दिसते खरी, पण ती एसएमआर आहे.

दुसरी गोष्ट, वेळेची. डेस्कटॉपच्या डिस्कला एखादा सेक्टर, म्हणजे डेटाचा छोटा तुकडा, वाचता आला नाही की ती बराच वेळ पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहते. पीसीमध्ये एकटी असताना हे योग्यच आहे, कारण तो डेटा दुसरीकडे कुठेच नसतो. रेड ५ सारख्या जोडणीत तो भाग बाकीच्या डिस्कवरून बनवता येतो, म्हणून नॅसच्या डिस्क साधारण ७ सेकंदांत हात वर करतात. नॅसमध्ये सहसा चालणारं लिनक्स डिस्कच्या उत्तराची सहसा ३० सेकंद वाट बघतं, हार्डवेअर रेड कार्डं त्याहून बरीच कमी. डेस्कटॉपची डिस्क तेवढ्यात बोलली नाही की ती मेली असं समजून तिला रेडबाहेर काढलं जातं. मग मालक ती पीसीला लावून तपासतात, तर ठणठणीत! परत बसवतात, महिन्याभरात पुन्हा बाहेर. वागळेतल्या ऑफिसांमध्ये हा खेळ मी वरचेवर बघतो. स्मार्टसीटीएल या फुकट मिळणाऱ्या प्रोग्रॅमने डिस्कला तिची एससीटी ईआरसी मर्यादा, म्हणजे ती किती वेळाने हात वर करते, हे विचारता येतं. नॅसची डिस्क बहुधा ७० असं उत्तर देते, म्हणजे ७.० सेकंद. उत्तरच नसेल तर ती डिस्क रेडमध्ये घालू नका.

बाकीच्या जुळवाजुळवीत फार वेळ घालवत नाही. साटा ही घरच्या डिस्कची जोडणी, एसएएस ही सर्व्हरची. एसएएस कंट्रोलरवर साटा डिस्क चालते, उलटं चालत नाही, त्यामुळे सर्व्हरमधून निघालेली एसएएस डिस्क स्वस्तात मिळाली तरी घरच्या नॅसला निरुपयोगी. मोठ्या डिस्कमध्ये तळाची मधली स्क्रूची भोकं नसतात, जुन्या कॅबिनेटमध्ये बसवताना अडतं. आणि मोठी एंटरप्राइज डिस्क जुन्या पॉवर सप्लायवर फिरतच नसेल, तर ती खराब म्हणून परत करण्याआधी पॉवर कनेक्टरची तिसरी पिन तपासा. नव्या साटा नियमात त्या पिनवर ३.३ व्होल्ट आले की डिस्क बंद राहते.

नॅस कंपनीची सुसंगत डिस्कची यादी बघाच, पण ती बदलत असते हेही ध्यानात ठेवा. २०२५ मध्ये सिनॉलॉजी या नॅस कंपनीनं प्लस मालिकेच्या नव्या मॉडेलांना स्वतःच्या किंवा प्रमाणित डिस्कची अट घातली, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात आपल्या नॅसची नवी प्रणाली डीएसएम ७.३ आणताना ती सैल केली. ज्यांनी मधल्या काळात यादी छापून ठेवली असेल त्यांनी ती फेकून द्या.

खरेदी ऑनलाइन करा नाहीतर लॅमिंग्टन रोडवरून, पण बिल घ्या आणि सीरियल नंबर दुकानातच कंपनीच्या साइटवर टाकून भारतातली वॉरंटी दिसते का बघा. घरी आल्यावर स्मार्टमध्ये, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते त्या नोंदीत, डिस्क किती तास चालली आहे ते वाचा. २०२५ च्या सुरुवातीला युरोपात वापरलेल्या सीगेट डिस्क नव्या म्हणून विकल्याचं उघड झालं होतं, आणि त्यांचे स्मार्टचे तास शून्यावर आणलेले होते. सीगेटच्या डिस्कमध्ये चाललेल्या तासांची फार्म नावाची वेगळी नोंद असते. दोन्ही आकडे ताडून बघा.

पावसाळ्यात महावितरणची वीज कधी जाईल सांगता येत नाही, म्हणून यूपीएस हवाच. त्याची यूएसबी वायर नॅसला जोडा, म्हणजे बॅटरी संपत आली की नॅस स्वतःहून नीट बंद होईल. ही वायर अनेक ऑफिसांत खोक्यातच पडून असते.

मागून कोणीतरी विचारलं, चारही डिस्क एकदम घ्यायच्या का? दोन दुकानांतून दोन-दोन घ्या, म्हणजे एकाच लॉटमधल्या चारही येणार नाहीत. आणि नॅस म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून डिलीट केलेली फाइल रेड परत देत नाही, रॅन्समवेअर तर चारही डिस्कवर एकदमच पसरतं. ऑफिसच्या डेटाची एक प्रत यूएसबी डिस्कवर घोडबंदरच्या घरी ठेवा. तिथे ती स्वस्त एसएमआर डिस्क बिनधास्त वापरा. आठवड्यातून एकदा लिहायचं आणि वायर काढून कपाटात ठेवायचं, एवढ्या कामाला ती पुरेशी आहे.