टक्क्यांचा रिपोर्ट

श्रोतेहो, नमस्कार.

१९८३ साली मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी बोन मॅरो ट्रान्सप्लांट (रक्त तयार करणाऱ्या अस्थिमज्जेचं रोपण) केलं, भारतातलं पहिलं यशस्वी. ९ वर्षांच्या मुलीला तिच्या भावाचा मॅरो दिला होता. अशा ट्रान्सप्लांटनंतर रक्तातल्या पेशी दात्याच्या की पेशंटच्या स्वतःच्या, हे तपासावं लागतं. भावाचा मॅरो बहिणीला दिला, तर ते ओळखायला पुरुषांत असणारं वाय गुणसूत्र पुरतं. पण बहिणीचाच मॅरो बहिणीला दिला तर?

तेव्हा एसटीआर कामी येतात. आपल्या डीएनएत काही ठिकाणी मोजक्या अक्षरांचा तुकडा पुन्हा पुन्हा येतो. कुणात ७ वेळा, कुणात ११ वेळा. एचएलए (पेशींवरच्या ज्या खुणांवरून दाता जुळवतात त्या) तंतोतंत जुळलेल्या सख्ख्या भावंडांतही हे आकडे सगळीकडे सारखे नसतात. (एकसारख्या जुळ्यांत मात्र फरक सापडत नाही.) म्हणून ट्रान्सप्लांटच्या आधीच पेशंटचा आणि दात्याचा नमुना घेऊन ठेवतात. नंतरच्या रक्तात दात्याचा वाटा किती, हे त्यांच्याशी ताडून कळतं. ही कायमेरिझमची, म्हणजे एकाच शरीरात दोघांच्या पेशी किती आहेत याची तपासणी.

रिपोर्टमध्ये टक्के येतात आणि घरचे ते परीक्षेच्या मार्कांसारखे वाचतात. ९० आले, १० कुठे गेले? रात्रीची झोप उडते. मला कळकळीनं सांगायचंय, आजार कोणता ते आधी पाहा.

ल्युकेमियात, म्हणजे रक्ताच्या कर्करोगात, पेशंटच्या स्वतःच्या पेशींचा वाटा एकामागून एक तपासण्यांत वाढत गेला, तर आजार परतत असेल म्हणून डॉक्टर सावध होतात. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं कमी करायची का, दात्याच्या लिम्फोसाइट पेशी (प्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशी) द्यायच्या का, याचा विचार तेव्हाच होतो.

सिकलसेलचं, म्हणजे लाल पेशी कोयत्यासारख्या वाकड्या होण्याच्या आनुवंशिक आजाराचं गणित निराळं. आपल्या विदर्भात, नंदुरबारकडे हा आजार घरोघरी माहीत आहे. सिकलच्या लाल पेशी १०-२० दिवसांतच मरतात, निरोगी पेशी सुमारे १२० दिवस जगतात. त्यामुळे मॅरोत दात्याचा वाटा २० टक्क्यांच्या आसपास टिकला, तरी रक्तात फिरणाऱ्या लाल पेशी बहुतांश दात्याच्याच असतात, आणि मूल आजारातून बाहेर येऊ शकतं. तिथे ४० टक्के पाहून रडू नका. आकडा स्थिर आहे की घसरतोय, ते विचारा. टी पेशींचे (लिम्फोसाइटचाच एक प्रकार) टक्के वेगळे आणि मायलॉइड पेशींचे (पांढऱ्या पेशींचा दुसरा गट) वेगळे काढलेत का, हेही विचारा.

आणि पुढच्या तपासणीला जाताना जुने सगळे रिपोर्ट तारखेनं लावून बरोबर न्या.