सालाझार: एकाच यादीत तिघं

2007 सालची गोष्ट. पोर्तुगालच्या सरकारी टीव्हीने लोकांना विचारलं, आपल्या देशात आजवर सगळ्यात थोर माणूस कोण झाला, फोन करून मत द्या. पहिला आला सालाझार, 41 टक्के मतं! 1932 ते 1968, 36 वर्षं देश मुठीत ठेवणारा हुकूमशहा.

आता पुढचे दोघं बघा. दुसरा आल्व्हारो कुन्याल, कम्युनिस्ट नेता, सालाझारच्या राजवटीने त्याला पेनिशच्या किल्ल्यात डांबलं आणि 1960 मध्ये तो तिथून पळाला. तिसरा सोझा मेंडिश, फ्रान्समधल्या बोर्दो शहरात पोर्तुगालच्या वकिलातीचा अधिकारी, 1940 मध्ये सालाझारचा हुकूम मोडून त्याने हिटलरपासून पळणाऱ्या हजारो लोकांना व्हिसा दिले आणि मग नोकरी गेली, शेवटी गरिबीत मेला. छळणारा आणि छळलेले एकाच यादीत, मतं देणारे एकाच देशातले.

सालाझारवाले म्हणतात, त्याने देशाचा हिशोब जुळवला, दुसऱ्या महायुद्धात पोरं मरू दिली नाहीत. खरंय ते. पण 1961 पासून आफ्रिकेतल्या वसाहती टिकवायला त्यानेच पोरं लढायला पाठवली ना, आणि त्या काळात लाखो लोक मजुरीसाठी चोरून बॉर्डर ओलांडून फ्रान्सला गेले, ते काय सुखाने?

गोव्यात पण पोर्तुगीज काळात शिस्त होती असं म्हणणारे भेटतात. मला ते ऐकून मोहन रानडे आठवतात. सांगलीचा माणूस, मराठी शिकवायला गोव्यात गेला, गोवा मुक्तीच्या लढ्यात उतरला, 1955 मध्ये बेतीच्या पोलीस चौकीवर हल्ला करताना गोळी लागून पकडला गेला, शिक्षा 26 वर्षं. डिसेंबर 1961 मध्ये गोवा सुटला, पण हे पोर्तुगालच्या जेलमध्येच, सुटले थेट जानेवारी 1969 मध्ये! शिस्तीचं कौतुक करताना ती सात वर्षं कुठे मोजायची?

आणि तो पेनिशचा किल्ला, जिथे आपले गोव्याचे स्वातंत्र्यसैनिक त्रिस्ताव ब्रागांझा कुन्हा पण कैदेत होते, तो 2016 मध्ये हॉटेलसाठी द्यायचं चाललं होतं. म्हणजे कोठडीच्या जागी समुद्र दिसणारी रूम. लोकांनी जोरदार विरोध केला, प्लॅन मागे घ्यावा लागला, आणि एप्रिल 2024 मध्ये तिथे त्या कैद्यांचं म्युझियम उघडलं.