एक ओळ, दोन आकडे

(दृश्य: हिंजवडी, शुक्रवार संध्याकाळ. चहाची टपरी, मागे गाड्यांची रांग.)

शुक्रवारी सहाच्या सुमारास हिंजवडीत दोन गोष्टी हमखास अडकतात. वाकडकडे निघालेल्या गाड्या आणि कुणाचा तरी मर्ज, म्हणजे एकाच कोडमध्ये अनेकांनी केलेले बदल एकत्र करणं. "अरे, पुश मारायच्या आधी पुल घेतला होतास का?" हा प्रश्न टपरीवरसुद्धा कानावर येतो. पुश म्हणजे आपले बदल सामायिक कोडमध्ये पाठवणं, पुल म्हणजे इतरांचे आपल्याकडे ओढणं. हा सगळा हिशेब ठेवणारं सॉफ्टवेअर म्हणजे गिट.

(दृश्य: स्क्रीन, कॉन्फ्लिक्टच्या, म्हणजे न जुळलेल्या बदलांच्या, खुणा.)

मोफत डिलिव्हरीची मर्यादा. एकाच टीममधली दोघं, तिने लिहिलं ७५०, त्याने ६००. ओळ एकच. वेगवेगळ्या ओळींतले बदल गिट मुकाट्याने जुळवून घेतं. इथे मात्र ते दोन्ही आकडे समोर मांडतं, खुणा करतं आणि बाजूला होतं. नवी मुलं वैतागतात, "एवढंही कळत नाही याला?" नाही कळत. त्याला ओळी दिसतात, धंदा दिसत नाही.

(दृश्य: भांडारकर संस्था, जुन्या पोथ्या.)

पुण्यात हे काम कागदावर होऊन गेलंय. लॉ कॉलेज रस्त्यावरच्या भांडारकर संस्थेत महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९१९ मध्ये सुरू झाली, पुरी झाली १९६६ मध्ये. बाराशेहून जास्त हस्तलिखितं ओळीला ओळ लावून ताडली गेली. स्वीकारलेला पाठ वर, उरलेले पाठभेद खाली तळटीपेत, कोणत्या पोथीतले त्याच्या खुणेसकट. निवड केली, पण पुरावा पुसला नाही.

गिटही कोणी, कधी, काय बदललं ते धरून ठेवतं. 'का' बदललं ते प्रत्येक कमिटच्या, म्हणजे नोंदवलेल्या बदलाच्या, मेसेजमध्ये आपण लिहायचं असतं. तिथे आपण 'फिक्स्ड' एवढंच खरडून कॅब पकडतो!

(दृश्य: ऑफिसमधले चेहरे, एकामागून एक.)

"सर्व्हरच गेला तर?" हा प्रश्न सबव्हर्जनवर, म्हणजे गिटच्या आधीच्या अशाच एका सॉफ्टवेअरवर, वाढलेल्या मंडळींचा. तिथे इतिहास एका सर्व्हरवर असायचा. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या, म्हणजे कर्नलच्या, कामासाठी बिटकीपर हे याच प्रकारचं सॉफ्टवेअर फुकट मिळेनासं झालं, तेव्हा २००५ च्या एप्रिलमध्ये लिनक्सचा जनक लिनस टोरवाल्ड्सने गिट लिहायला घेतलं. त्यात साधा क्लोन केला, म्हणजे कोडची प्रत उतरवून घेतली, तरी सगळा इतिहास आपल्या लॅपटॉपवर येतो.

"ब्रँच उडाली." ब्रँच म्हणजे कामाची वेगळी फांदी. रिफ्लॉग, म्हणजे गिटची हालचालींची वही, बघा, काही आठवडे तरी माग राहतो. कमिटच केलं नव्हतं? मग देवाचं नाव घ्या.

"पासवर्ड पुश झाला होता, पुढच्या कमिटमध्ये काढला." जुन्या कमिटमध्ये तो तसाच आहे. आधी पासवर्ड बदला, इतिहासाची सफाई नंतर.

(दृश्य: पुन्हा ती दोघं, एकाच स्क्रीनपुढे.)

"सातशे पन्नास कुठून आणलेस गं?"

"मंगळवारच्या कॉलवर क्लायंटने सांगितलं ना."

"मंगळवारी मी रजेवर होतो."

त्याची ओळ खोडली जाते. कमिट मेसेजमध्ये ती टाइप करते: मोफत डिलिव्हरी ७५० पासून, मंगळवारच्या कॉलप्रमाणे.