बंगालच्या उपसागरातलं वादळ आणि आयर्विन पुलाची पट्टी
(सांगलीत हौशी हवामान निरीक्षकांपुढे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, पावसाळ्यात हवामानाच्या नकाशात बंगालच्या उपसागरावर रंगीत भोवरा दिसला की ग्रुपवर लगेच मेसेज पडतो, ‘आलं बघा, सांगली बुडणार.’ पाणी येणारही असेल, पण तो भोवरा आपल्यावर येत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये खाली पश्चिमेचा वारा आणि वर जोरदार पूर्वेचा, यात वादळाचा शेंडाच छाटला जातो. त्यामुळे चक्रीवादळ सहसा उभं राहत नाही. होतं ते कमी दाबाचं क्षेत्र, फार तर डिप्रेशन, म्हणजे ताशी 31 ते 49 किलोमीटर वारा. ते ओडिशातून छत्तीसगड, मध्य प्रदेशाकडे सरकतं. आपल्यापासून सात-आठशे किलोमीटर लांब. पण तिथून ते अरबी समुद्रावरचा वारा जोरात ओढतं. तो वारा सह्याद्रीला आडवा धडकतो, आणि महाबळेश्वर, नवजा, कोयनानगरला ढग रिकामे होतात. 2019 च्या ऑगस्टमध्ये असंच डिप्रेशन होतं.

म्हणून विंडी या हवामानाच्या ॲपवर भोवऱ्याचा मध्य शोधत बसू नका. उंचीची पट्टी 850 हेक्टापास्कल या हवेच्या दाबावर, म्हणजे सुमारे दीड किलोमीटर उंचीवर आणा आणि कोकण किनाऱ्यासमोरचा वारा बघा. तो ताशी साठ-सत्तर किलोमीटरच्या पुढे जाऊन घाटाला काटकोनात दोन-तीन दिवस टिकणार असेल, तर सावध व्हा. युरोपियन आणि अमेरिकी, अंदाजाची दोन्ही मॉडेल लावून बघा. आकडे जुळणार नाहीत, पण दिवस जुळतात का ते महत्त्वाचं.

रडारवर फार विसंबू नका. गोव्याच्या रडारचा किरण आपल्या भागात पोचेपर्यंत तीनेक किलोमीटर वर गेलेला असतो. घाटातला पाऊस पुष्कळदा त्याच्या खालीच पडतो. पडद्यावर फिका हिरवा रंग आणि नवजाला धो धो, असं होतं ते त्यामुळे.

ऑक्टोबरचं गणित वेगळं. 2020 च्या 13 ऑक्टोबरला काकीनाड्याजवळ जमिनीवर आलेलं डिप्रेशन तेलंगण, सोलापूर ओलांडून अरबी समुद्रात गेलं. अशा वेळी पाऊस घाटात नाही, पूर्वेच्या तालुक्यांत पडतो. तेव्हा नजर अग्रणी, माण आणि येरळा या नद्यांवर हवी.

आता धरण. कोयनेची क्षमता 105.25 टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट, पाणलोट सुमारे 892 चौरस किलोमीटर. एवढ्या क्षेत्रावर पडलेला 100 मिलिमीटर पाऊस पुरता वाहून आला तर तीन टीएमसीहून थोडं जास्त पाणी होतं. दुसरा आकडा पाठ करा : 11,574 क्युसेक, म्हणजे सेकंदाला तेवढे घनफूट पाणी, दिवसभर वाहिलं की एक टीएमसी. समजा, धरणात 85 टीएमसी साठा आहे आणि आवक 80,000 क्युसेक आहे. दिवसाला जवळपास सात टीएमसी येतात. विसर्ग नसेल तर तीन दिवसांत धरण काठोकाठ. म्हणजे दरवाजे त्याआधीच उघडणार, हे बातमी येण्याआधी आपल्याला कळतं. ‘मग जूनमध्येच का सोडत नाहीत?’ असं दरवर्षी विचारलं जातं. पाणी सांडव्याच्या, म्हणजे जादा पाणी सोडायच्या वाटेच्या, उंबऱ्याला लागल्याशिवाय सहा वक्र दरवाजे उघडून काही उपयोग नसतो. तोवर मुख्य वाट धरणाच्या पायथ्याच्या वीजगृहाची, तीही 2,100 क्युसेकची.

पावसाचा आकडा वाचताना तारीख बघा. मोजणी सकाळी साडेआठला होते, म्हणजे आजच्या तारखेचा आकडा बहुतांशी कालच्या पावसाचा असतो. 23 जुलै 2021 च्या सकाळी महाबळेश्वरला 594 मिलिमीटर नोंदले गेले, पण ते पाणी आदल्या दिवसापासून खाली धावत होतं.

तरीही कोयनेचा विसर्ग म्हणजे सांगलीचा पूर नव्हे. कराडला कोयना कृष्णेला मिळते, सांगलीजवळ हरिपूरला वारणा. धोम, कण्हेर, उरमोडी, तारळी आणि वारणेवरचं चांदोली या धरणांचं पाणी यातच येतं. आणि धरणांच्या खालच्या रानात पडणाऱ्या पावसाला दरवाजाच नाही. कोयनेतून सोडलेलं पाणी इथं यायला दिवसभराच्या आगेमागे लागतं. नदी आधीच फुगलेली असेल तर हिशेब बदलतो. माझ्या मते लोक कोयनेकडे गरजेपेक्षा जास्त बघतात आणि वारणेकडे फार कमी.

शेवटी आयर्विन पूल, म्हणजे सांगलीत कृष्णेची पातळी जिथल्या पट्टीवर मोजतात तो. इशारा पातळी 40 फूट, धोका पातळी 45. 2019 ला पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं. इथं एक घोळ नेहमीचा आहे. मेसेजमध्ये ‘39.10’ लिहिलेलं असतं, ते 39 फूट 10 इंच. इशारा पातळीला दोनच इंच बाकी. दशांश समजून कुणी 39.1 वाचलं की दहा-अकरा इंच शिल्लक वाटतात. तुम्ही पुढे पाठवताना फूट आणि इंच असं सुटं लिहा, सोबत वेळही लिहा. वेळ नसलेला आकडा पाठवूच नका.

पातळीपेक्षा तासाला किती इंच चढतंय ते बघा. पात्रात असताना पाणी भराभर चढतं. काठ ओलांडून मळ्यांत पसरलं की तेवढ्याच पाण्याला इंच कमी पडतात, चढ मंदावतो आणि लोकांना वाटतं, उतार लागला. उतार म्हणायचा असेल तर नदीच्या वरच्या अंगाला, कराड आणि भिलवडीला, पाणी आधी उतरलेलं पाहिजे.

पाणी चाळीस फुटांच्या आसपास आलं की नदीकाठच्या सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉटकडची माणसं सामान हलवायला लागतात, ते बरोबरच आहे. बाकी भागांत नदी दिसत नाही म्हणून थांबू नका. शेरीनाल्यासारख्या वाटांनी पाणी उलटं शिरतं आणि रस्ता कोरडा असताना गटारीच्या जाळीतून बुडबुडे येतात. ते दिसले की दुचाकी उंचावर न्या, तळमजल्याचा मेन स्विच बंद करा, गॅस सिलिंडर वरच्या मजल्यावर चढवा. पाणी ओसरल्यावर वायरमनने वायरिंग तपासेपर्यंत तो स्विच चालू करू नका. भिंतीतल्या पाइपांत पाणी बरेच दिवस राहतं.