कॅसेटचं डिपॉझिट

नमस्कार, श्रोतेहो.

कोल्हापूरच्या शाहूपुरीत पूर्वी एक दुकान होतं. दुकान कसलं, जिन्याखालची कोंदट जागा. तिथं टीव्ही गेमच्या कॅसेट भाड्यानं मिळायच्या. पन्नास रुपये डिपॉझिट, दिवसाला पाच रुपये. कॅसेट परत नेली की मालक ती आपल्या मशिनला लावून बघायचा, चालली तरच डिपॉझिट हातात. म्हणून बंद पडलेल्या कॅसेटीत फुंकर मारायची, बनियनला पुसायची, पुन्हा खुपसायची. वर ‘९९९९ इन वन’ लिहिलेलं, आत खेळ दहा-बाराच, नावं बदलून तेच तेच. तरी एकानं आणलेली कॅसेट गल्लीतली चार घरं फिरून यायची.

हे आठवलं भाच्यामुळं. राजारामपुरीत राहतो, आठवीत आहे. हातात धरून खेळायच्या मशिनचा विषय निघाला, तर म्हणाला, “मामा, तेवढ्यात चांगला मोबाईल येतोय की. आणि गेम फुकट!”

पोरगं हिशेबाला चुकलेलं नाही. जपानच्या निंटेंडो कंपनीचं स्विच हे असंच हातात धरायचं मशिन, ते २०१७ साली अमेरिकेत ३०० डॉलरला आलं. जून २०२५ मध्ये आलेलं स्विच २ तिथं ४५० डॉलरला, म्हणजे चाळीस हजारांच्या आसपास. कंपनी आपल्याकडे थेट विकत नाही, त्यामुळं बाहेरून आणणाऱ्याचा नफा वेगळाच. गेमचंही तसंच. मोठा गेम ६० डॉलरला मिळायचा, मग ७० झाले, आणि ‘मारिओ कार्ट वर्ल्ड’ ८० ला आला. एका गेमला सात हजार! त्यात एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी चिप उचलायला सुरुवात केली आणि चिपचे भाव चढले. त्याची झळ मोबाईललाही बसते, ते सोडा.

गंमत अशी, की हातातला गेम लोकप्रिय झाला तो स्वस्तपणावर. निंटेंडोचे गुनपेई योकोई यांना रेल्वेत एक कंटाळलेला प्रवासी कॅल्क्युलेटरची बटणं दाबत बसलेला दिसला. त्यातून १९८० मध्ये खिशात मावणारा ‘गेम अँड वॉच’ निघाला. पुढं १९८९ च्या गेम बॉयला त्यांनी मुद्दाम साधा, बिनरंगी पडदा ठेवला. जुनं, मुरलेलं, स्वस्त झालेलं तंत्र घ्यायचं आणि त्याचा नवा उपयोग शोधायचा, ही त्यांची रीत. प्रतिस्पर्ध्यांचे पडदे रंगीत होते, पण सहा-सहा सेल काही तासांत खाऊन टाकायचे. गेम बॉय चार सेलवर कितीतरी जास्त चालायचा. बाजार कुणी मारला, हे सांगायला नको.

आता भाच्याच्या ‘फुकट’कडं येऊ. तो मोबाईलवर गोळीबाराचा एक गेम खेळतो. खेळायला पैसे नाहीत, खरं आहे. पण अंगावरचा कोट, बंदुकीचा रंग, नाचायची एक स्टाईल, सगळं विकत. ताईच्या यूपीआयवरनं कधी ऐंशी, कधी दीडशे गेलेले. दिवाळीनंतर मी आणि ताईनं बसून बेरीज केली, तर तीन हजार आठशे! आणि हातात काय आलं? एक सोनेरी हेल्मेट. ते मित्राला देता येत नाही, विकता येत नाही, गेम बंद झाला की तेही गेलं. महागाईपेक्षा मला हे जास्त सलतं. मोठ्या मशिनवरसुद्धा आता बरेच जण गेम डाऊनलोड करून घेतात, तोही कॅसेटसारखा दुसऱ्याच्या हातावर ठेवता येत नाही.

माझ्याकडं जुनं स्विच आहे, दुबईहून आलेल्या मित्राकडून सेकंडहँड घेतलेलं, गेमच्या दोन कार्डांसकट. कार्ड म्हणजे स्विचची कॅसेटच. पोस्टाच्या तिकिटापेक्षा फार मोठं नसतं ते कार्ड. लहान मुलांनी गिळू नये म्हणून त्याला कडू लेप दिलेला असतो. मी चाखून बघितलंय, कारलं परवडलं. उन्हाळी सुट्टीत ते मशिन भाच्याकडं दिलं. पहिले दोन दिवस त्यानं नाक मुरडलं, तिसऱ्या दिवशी जेवायला बोलवावं लागलं.

परवा फोन आला. “मामा, वर्गातल्या एकाकडं पण स्विच हाय. त्याचं कार्ड मला, आपलं त्याला, आठ दिवस. देऊ काय?”

मी म्हटलं, “दे. पण डिपॉझिट घे.”

“डिपॉझिट म्हणजे?”